एकाच पाटाचं पाणी

फेब्रुवारी अर्धा सरला की गंगापूर रोडवर सकाळी फिरायला निघालेल्या माणसाला आधी वास येतो आणि मग द्राक्षं दिसतात. हातगाड्यांवर, टेम्पोच्या उघड्या फाळक्यांवर, झाडाखाली रचलेल्या क्रेटांमध्ये. खाली ओघळलेल्या मण्यांवरून चाकं जातात, डांबरावर चिकट डाग पडतात आणि उन्हं चढली की त्यांवर माश्या घोंघावू लागतात. थंडी अजून पुरती गेलेली नसते. अंगावर स्वेटर आणि जिभेवर द्राक्ष, असे हे मोजके दिवस. सगळं गाव या दिवसांत जरा खुशीत असतं.

मला मात्र हा वास आला की छातीत काहीतरी बारीक टोचतं. आजही टोचलं. गाडीवाल्याने चाखायला दिलेला मणी तोंडात तसाच धरून मी उभी राहिले. मला आठवला तो एक हंगाम, ज्यात मी संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत एका बाईचा मत्सर केला. मनापासून, सकाळ-संध्याकाळ, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. आणि तोही कशावरून, तर शब्दांवरून.

आमच्या यांचा आवाज मोठा होता. अंबडच्या कारखान्यात मशिनींच्या दुरुस्तीत आयुष्य गेलं. तिथे हळू बोललेलं ऐकूच येत नसे. तोच आवाज घरी यायचा. ‘चहा टाक’ म्हटलं तरी खालच्या मजल्यावर कळे. केतकी, आमची मुलगी, लहानपणी म्हणायची, बाबांना फोन कशाला लागतो, गॅलरीत उभं राहून बोलले तरी पुण्याला ऐकू जाईल. निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी दाढी करता करता यांच्या हातून वस्तरा पडला. मी धावले, तर हे माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होते आणि त्यात एकही शब्द नव्हता. पक्षाघाताचा झटका. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. उजवा पाय थोडा ओढत का होईना, चालायला लागला, हातही हलू लागला. पण वाचा अर्धी गेली. म्हणजे आवाज होता, समजत सगळं होतं, पण हवा तो शब्द हाताला लागत नसे. गंमत अशी, की गणपतीची आरती सुरू केली तर हे शेवटपर्यंत बिनचूक म्हणत, आणि आरती संपल्यावर पाणी मागायचं झालं तर तोंड नुसतं उघडं राही. डॉक्टर म्हणाले, पाठ झालेलं वेगळ्या कप्प्यात असतं. मला तो कप्पा कळला नाही. मला एवढंच दिसे, की देवाशी बोलता येतं आणि माझ्याशी नाही.

एक शब्द मात्र यांच्या जिभेवर फुकट येऊन बसला होता. ‘बेअरिंग.’ चहा हवा, बेअरिंग. चष्मा कुठाय, बेअरिंग. जन्मभर बेअरिंगं बदलली, म्हणून तोच उरला असावा. आपण चुकीचं बोललो हे यांना लगेच कळे. मग कपाळावर शीर उठे, डावी मूठ मांडीवर आपटे. हळूहळू यांनी बोलायचंच सोडलं. बोटाने दाखवत. तेवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचं ते बोट बघून मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडत असे.

शेजारच्या फ्लॅटमध्ये नुकत्याच राहायला आलेल्या सबनीस मॅडम. मुंबईच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, आखूड पांढऱ्या केसांच्या. संक्रांतीला त्या तिळगूळ घेऊन आल्या. मी आत वाटी आणायला गेले, तेवढ्यात यांनी त्यांना खुर्चीकडे हात करून म्हटलं, ‘‘बेअरिंग.’’ मी शरमून बाहेर आले, सांगणारच होते की अहो, त्यांना म्हणायचंय बसा. पण मॅडम बसल्याही होत्या आणि म्हणत होत्या,

‘‘बेअरिंग. छान शब्द आहे. बेअर म्हणजे वाहणं, भार पेलणं. आपल्या संस्कृतात ‘भृ’ धातू आहे ना, त्यातून आपला ‘भार’ आला. इंग्रजीतला बेअर आणि आपला भार ही एकाच घरातली चुलत भावंडं. म्हणजे तुम्ही मला भार पेलणारी वस्तू दाखवलीत. खुर्ची दुसरं काय करते?’’

हे त्यांच्याकडे बघतच राहिले. मग फार सावकाश, एकेक अक्षर उचलत म्हणाले, ‘‘भा… र.’’

कित्येक आठवड्यांत पहिला खरा शब्द. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ दुसरंही काहीतरी आत शिरलं. मी यांना चित्रांचे तक्ते दाखवले होते, केतकीने पाठवलेले व्हिडिओ लावले होते, हातावर हात ठेवून ‘पाणी म्हणा, पाणी’ असं किती विनवलं होतं. आणि ही बाई आली, तिळगूळ दिला, आणि शब्द घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता हे काठी टेकत उठले, स्वतःहून चप्पल घातली आणि मॅडमच्या दारावरची बेल वाजवली. तिसऱ्या दिवशीही. मग तो रिवाजच झाला.

त्यांची बाल्कनी आणि आमच्या स्वयंपाकघरामागची भांड्यांची जागा यांच्यात एकच भिंत, तीही छातीएवढी. वर ग्रिल. मी दुपारची भांडी जेवणं झाल्या झाल्या घासून टाकत असे. त्या दिवसांत ती चार वाजता घासली जाऊ लागली. ऐकू येई. मॅडमचा शांत, वर्गात शिकवल्यासारखा आवाज, मग लांबच लांब शांतता, मग यांचा एखादा शब्द. मॅडमना घाई नसे. त्या इंग्रजी शब्द घेत, कारखान्यातलेच बहुतेक, आणि तो कुठून आला, वाटेत कोणाकोणाच्या घरी राहिला, ते सांगत. गोष्ट ऐकून यांना तो शब्द धरायला काहीतरी मिळे. तक्त्यावरच्या चित्राला कुठे आजोळ असतं?

एके दिवशी भिंतीपलीकडून हसू ऐकू आलं. यांचं. ते गडगडाटी जुनं हसू नव्हतं, पण हसू होतं. माझ्या हातातलं पातेलं सिंकमध्ये जोरात आपटलं गेलं. पलीकडे गप्प झालं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

घरी मात्र बोटच. मी विचारलं, ‘‘काय सांगितलं आज मॅडमनी?’’ तर हे मान हलवत आणि टीव्हीकडे बघत.

मग मी शेंगोळे केले. हुलग्याच्या पिठाचे, लसणाचं वाटण घालून, रश्श्यात शिजवलेले, आमच्या गावी, सायखेड्याला, माझी सासू करायची तसे. हे चाटूनपुसून जेवले. एक शब्द नाही. चार वाजता भिंतीपलीकडून ऐकलं: ‘‘आज… शें… शेंगोळे. हिच्या… हातचे. असे… कुणाला… नाही.’’

मॅडम म्हणाल्या, ‘‘वा! पूर्ण वाक्य झालं.’’

मी ओल्या हातांनी तशीच उभी. माझं कौतुक होतं ते. माझ्याच हातच्या जेवणाचं. आणि ते मला नाही, तिला सांगितलं गेलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक मी चोरून ऐकत होते.

रात्री जेवणं झाल्यावर केतकीचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे मॅडमबद्दल बरंच काही सांगितलं. ती ऐकत राहिली आणि एकदम हसली.

‘‘आई, तू जेलस आहेस?’’

‘‘मी? या वयात?’’

‘‘अगं बाबा बोलतायत ना? मग कोणाशी का बोलेनात.’’

बरोबरच होतं तिचं. पण बरोबर असल्याने काही कमी होत नाही. आपल्याकडे यासाठी किती शब्द. हेवा जरा सोज्वळ. शेजारणीच्या नव्या साडीचा वाटतो आणि साडी जुनी झाली की विरतो. असूया पुस्तकात राहते. मत्सर देवळातल्या कीर्तनात, सहा शत्रूंच्या रांगेत शेवटी उभा. बायका मात्र साधं ‘जळते’ म्हणतात, आणि तेच खरं आहे. ती भावना मनात नसतेच, अंगात असते. कानांच्या पाळ्या तापतात. मी साठीला आलेली, गुडघे दुखणारी बाई चार वाजता कानाच्या पाळ्यांना पाणी लावत असे.

फेब्रुवारी संपता संपता सायखेड्याहून माझ्या भावाने, दत्तूने, द्राक्षाची पेटी पाठवली. फोनवर म्हणाला, ‘‘आक्का, लय गोड हायेत या टायमाला. दाजींला दे. बोलत्यात का आता?’’ ‘‘बोलतात,’’ मी म्हटलं, आणि कोणाशी ते सांगितलं नाही. घड धुतले, मोठ्या वाडग्यात भरले. चार वाजून गेले होते. त्या दिवशी मी भांड्यांकडे गेले नाही. वाडगा घेऊन सरळ मॅडमच्या दारात गेले.

दोघं बाल्कनीत बसले होते. हे मला बघून गप्प झाले. तोंडात आलेलं वाक्य गिळून टाकलं, अगदी माझ्या डोळ्यांदेखत. मी वाडगा ठेवला आणि बसलेसुद्धा नाही.

‘‘मॅडम, तुम्ही सगळ्या शब्दांची कुळं सांगता. मलाही एक विचारायचंय. रायव्हल. रायव्हल कुठून आला?’’

माझा आवाज मलाच परका वाटला. मॅडमनी चष्मा काढला. त्या मूर्ख नव्हत्या. मी काय विचारलं ते त्यांना कळलं होतं. माझ्याकडे क्षणभर बघून त्या म्हणाल्या,

‘‘बसा ना. सांगते. इंग्रजीत तो आला लॅटिनमधून, मध्ये फ्रेंचांकडे राहून. लॅटिनमध्ये ‘रीवालिस’. त्याच्या पोटात आहे ‘रीवुस’. रीवुस म्हणजे ओढा, लहानसा प्रवाह. रीवालिस म्हणजे एकाच ओढ्याचं पाणी घेणारे शेजारी.’’

‘‘रि… रिव्हर?’’ हे म्हणाले.

‘‘नाही. तो फसवा आहे, दिसतो भाऊ पण नातं नाही. रिव्हर आला किनारा या अर्थाच्या शब्दावरून. हा ओढ्यावरून. आणखी मागे गेलं तर वाहणं या अर्थाचा फार जुना धातू असावा, असं म्हणतात. संस्कृतातही आहे, ‘री’. त्यातून रीती. आधी रीती म्हणजे प्रवाह, मग वाहण्याची तऱ्हा, आणि मग आपली रीत. म्हणजे रायव्हल आणि रीत यांचं मूळ बहुधा एकच. शेजारी ओढ्यावरून भांडायचे. पुढे लॅटिनमध्ये एकाच बाईवर जीव असलेल्या दोन पुरुषांना हाच शब्द लावू लागले. ओढा गेला, भांडण राहिलं.’’

मी काहीतरी टोचेल असं बोलणार होते. तेवढ्यात हे पुढे सरकले. काठी पडली. डोळे लकाकत होते आणि बघत होते ते माझ्याकडे, मॅडमकडे नाही.

‘‘तुझा… बाप,’’ हे म्हणाले.

मी थक्क झाले.

‘‘तुझा बाप… लय… बेरकी व्हता.’’

अंबडला नोकरी लागल्यावर यांनी गावची बोली कपाटात ठेवून दिली होती. लग्नात आलेल्या पाहुण्यांशीसुद्धा शुद्ध बोलायचे. ती आत्ता अशी, न बोलावता, बाहेर आली.

‘‘एकच… पाट. एकच चारी. आमचं वावर… खाली. तुमचं… वर. तुझा बाप… आमचं…’’ आणि शब्द अडला. हात हवेत फिरला. कपाळावरची शीर उठली. ‘‘आमचं… आमचं…’’

मॅडम वाट बघत होत्या. पण हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. तो लॅटिनमध्येही नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या हंगामात पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत प्रश्न होता. मला तो शब्द माहीत होता. माझ्या जिभेच्या टोकावर होता. पाटातून निघालेल्या छोट्या चारीचं पाणी पाळीपाळीने मिळायचं, त्या पाळीला आम्ही काय म्हणायचो, ते सायखेड्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी ओठ घट्ट मिटून घेतले. यांना स्वतःला सापडावा म्हणून मिटले, की मॅडमना तो माझ्याकडून मिळू नये म्हणून, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

‘‘बारं!’’ हे ओरडले. अगदी जुन्या आवाजात. खालून जाणारा वॉचमन वर बघू लागला. ‘‘आमचं बारं… फोडायचा! माझा बाप… शिव्या… देयाचा. मी जायाचो… भांडायला. तू… बांधावर. डबा घेऊन.’’

आणि हे हसले. मीही हसले, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. होते मी बांधावर. हिरव्या परकरात. हा शेजारच्या वावरातला तावातावाने आलेला पोरगा माझ्या बापाशी भांडायचं सोडून नुसता उभा राहिला होता, आणि वडील म्हणाले होते, आता भांड की, का जीभ गिळलीस?

मॅडम उठून आत गेल्या, चहा ठेवायला. मी त्यांच्यामागे गेले. ओट्याशी उभ्या राहून त्या हळूच म्हणाल्या,

‘‘तुम्ही चिडला आहात माझ्यावर.’’

‘‘हो,’’ मी म्हटलं.

‘‘मी थांबवू का हे? सांगून टाका. मी काहीतरी कारण काढेन, दुपारची बाहेर जाईन. ते तुम्हाला बोल लावणार नाहीत.’’

दूध वर येत होतं. मी गॅस बारीक केला. त्या क्षणी हो म्हणावंसं किती वाटलं! एका शब्दाचं काम होतं. चार वाजता भिंतीपलीकडे शांतता. पण मग आमच्या घरातही शांतताच राहिली असती, याची मला मनातून खात्री होती.

‘‘नको,’’ मी म्हटलं. ‘‘चालू द्या. मी चिडेन तर चिडेन.’’

त्यांनी चहा गाळायला घेतला. नंतर कधी हा विषय निघाला नाही. आम्ही मैत्रिणी झालो असंही नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर हे पुन्हा गप्प झाले. मी देवापाशी दिवा लावला आणि यांच्यासमोर येऊन बसले. टीव्ही बंद केला.

‘‘तिथे बोलता. इथे का नाही?’’

उत्तर यायला खूप वेळ लागला. बाहेर अंधारून आलं, रस्त्यावरचे दिवे लागले. मी मध्ये बोलले नाही. दोनदा यांनी सुरुवात केली आणि सोडून दिली. मग खाली बघत म्हणाले,

‘‘त्यांना… माझा जुना आवाज… माहीत नाही.’’

इतके दिवस मला वाटत होतं, मॅडमकडे काहीतरी आहे जे माझ्याकडे नाही. लॅटिन, ग्रीक, धीर, ती छाटलेल्या केसांची मान. होतं ते उलटंच. माझ्याकडेच एक गोष्ट जास्त होती. मी यांना ओळखत होते. माझ्यासमोर अडखळणं म्हणजे त्या पूर्वीच्या माणसासमोर अडखळणं, आणि तो माणूस माझ्या डोळ्यांत रोज उभा असलेला यांना दिसत होता.

हे कळल्याने मत्सर गेला असता तर ही गोष्ट सांगायला सोपी झाली असती. गेला नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता बेल वाजली आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्याच. पण मी टीव्ही लावायचं सोडलं. संध्याकाळी आम्ही नुसते समोरासमोर बसत असू. मी भाजी निवडायची, हे खिडकीबाहेर बघायचे. मी विचारत नसे. असेच दिवस जात राहिले. द्राक्षं संपत आली, गाड्यांवर कलिंगडं दिसू लागली. पाडव्याला मी गॅलरीत एकटीने गुढी उभारली, साडी नेसवली, गडू उपडा घातला आणि मागे सरून बघत होते, तर पाठीमागून ऐकू आलं,

‘‘वाकडी… आहे.’’

वळले. हे दारात उभे होते.

‘‘वाकडीच आहे,’’ पुन्हा म्हणाले. ‘‘दर वर्षी… वाकडी.’’

मला कोणी दागिना दिला असता तरी मी इतकी खूष झाले नसते. माझ्यावर खेकसणारा नवरा मला परत मिळाला होता. त्या सकाळी यांनी माझ्या श्रीखंडात साखर जास्त झाल्याचंही सांगितलं, आणि कडुलिंबाची चटणी बिघडल्याचंही. वाक्यं तुटकी होती. मी एकाचंही शेपूट पूर्ण केलं नाही.

आता बरेच सुधारले आहेत. थकले की अडतात, नावांची अदलाबदल होते. आवाज पूर्वीसारखा नाही; मऊ, थोडा घोगरा झालाय. मला आता तोच यांचा वाटतो. मॅडम गेल्या दसऱ्याला बंगळूरला भावाकडे राहायला गेल्या. जाताना यांना म्हणाल्या, फोन करत जा. हे करतात, रविवारी, चार वाजता. मी त्या वेळी काहीतरी काम काढून आसपासच असते.

आज सकाळी मणी गिळून मी गाडीवाल्याला भाव विचारत होते, तेवढ्यात हे मागून काठी टेकत आले.

‘‘दत्तूला सांग,’’ म्हणाले, ‘‘मॅडमना दोन पेट्या पाठव. चांगल्या बघून.’’

‘‘एक पुरे. एकट्या बाईला किती लागतात?’’

हे थांबले. माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. ओठ हलले, पण शब्दासाठी नाही; हसू आवरत होते.

‘‘अजून जळतेस?’’

एका दमात, कुठेही न अडखळता.

‘‘हो,’’ मी म्हटलं.

‘‘जळ,’’ हे म्हणाले, आणि गाडीवरचा सगळ्यात मोठा घड उचलून माझ्या पिशवीत टाकला.